पाय कमी पडले तो रविवार

प्लेनो

अमेरिकेहून आल्यापासून जो तो विचारतो, आजी, तिकडे काय बघितलंत? मी सांगते, पाय बघितले. मग लोक हसतात आणि विचारतात, तो मोठा धबधबा बघितला का? नाही बघितला. माझा मुलगा संजय नेणार होता, पण विमानाने जाऊन पाणी पडताना बघायचं मला काही पटलं नाही. जे बघितलं ते मात्र नीट बघितलं, आणि ते इथल्या कुणीच बघितलेलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

संजय टेक्ससमध्ये प्लेनोला राहतो. गाव मोठं, पण रस्त्यावर माणूस दिसत नाही. एकेका घरात आमची सगळी आळी मावेल, आणि राहतात दोघं. पहिल्याच सकाळी मी फिरायला निघाले. फुटपाथ झकास, वर मी एकटी. एक मोटार थांबली, आतल्या बाईने काच खाली करून काहीतरी विचारलं. मी हात हलवला. थोड्या वेळाने दुसरी थांबली. तिसऱ्या मोटारीत आमची सून मेधा होती. शेजारणीने तिला फोन केला होता की तुमच्याकडच्या आजी बाहेर चालताहेत. तिकडे माणूस चालताना दिसला की लोकांना वाटतं, काहीतरी झालं आहे.

शनिवारी संजयने ओळखीच्या मराठी मंडळींना जेवायला बोलावलं. सगळे डॉक्टर नाहीतर इंजिनिअर, बरेचसे निवृत्त झालेले. एका काकूंनी फ्रीझरमधल्या पुरणपोळ्या आणल्या होत्या. आणल्या तेव्हा त्या फरशीसारख्या होत्या, गरम केल्यावर चपलेसारख्या झाल्या. बोलणं सगळं मुलांचं. कुणाचा मुलगा हार्टचा, कुणाची मुलगी ब्रेनची. मग त्याच काकूंनी विचारलं, मेधा, तुमची रेवा काय करते हल्ली? रेवा म्हणजे माझी नात. मेधा म्हणाली, ती पण डॉक्टरच आहे, चकली घ्या ना. काकूंनी चकली घेतली, पण प्रश्न सोडला नाही. मेधाने इंग्रजीत काहीतरी लांबलचक सांगितलं. मला इंग्रजी येत नाही, पण सुनेचा चेहरा वाचता येतो.

"पायांची डॉक्टर आहे," मी म्हणाले. "म्हाताऱ्यांची नखं कापते, भेगा घासते."

एक काका म्हणाले, वा, आपल्या वयात फार गरज असते. बाकीच्यांनी चकल्या घेतल्या. मेधा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. रेवाला हे कळलं तेव्हा ती फोनवर खूप हसली आणि म्हणाली, "आजी, तू माझ्याकडेच ये. इथे या महिन्यात एक इव्हेंट आहे, टोटली पायांचा. तू लव्ह करशील."

रेवाचं गाव

रेवाचं गाव पूर्वेकडे आहे, लहान आहे. वाटेत शेतांत गवताच्या गुंडाळ्या पडलेल्या होत्या, लग्न झाल्यावर मांडवात सतरंज्या गुंडाळून ठेवतात तशा. पुढे उंच सरळ झाडं लागली, आणि चर्च. आपल्याकडे वेशीला एक मारुती असतो, तिथे दर वळणावर चर्च. एवढ्या देवळांना पुरतील एवढी माणसं कुठे आहेत, असं मी रेवाला विचारलं. ती म्हणाली, लोक भांडतात आणि नवीन चर्च काढतात. म्हणजे आपल्या गणपती मंडळांसारखं. मग माझ्या लक्षात आलं.

गोऱ्यांची चर्च वेगळी आणि काळ्यांची वेगळी, असं पाटीवर कुठे लिहिलेलं नाही. पण आहेत वेगळीच.

रेवाचा दवाखाना औषधांच्या दुकानाशेजारी आहे. दारावर पावलाचं चित्र. लक्ष्मीचं पाऊल काढतात तसं, पण नखांसकट. मी दिवसभर बाहेरच्या खुर्चीवर बसून राही. येणारे सगळे माझ्याच वयाचे, मला बरं वाटलं. तिकडे म्हाताऱ्या बाईला मानाने मिस म्हणतात, तिला सात मुलं झालेली असली तरी मिस. रेवा मला आजी म्हणते हे ऐकून सगळे मला मिस आजी म्हणायला लागले.

मंगळवारी मिस ओपल आली. काळी, उंच, काठी हातात असून ताठ, डोक्यावर जांभळी हॅट. शाळेत शिकवायची, आता निवृत्त. आली ती माझ्या पायांकडे बघत बसली. रेवामार्फत विचारलं, बोटात काय घातलंय? मी सांगितलं, जोडवी, लग्नाची. नवरा कुठे आहे? वर गेला. मग अजून का घालता? मी म्हटलं, बोट सुजलंय, निघत नाहीत. यावर ती एवढी हसली की रेवाला नखं कापायचं थांबावं लागलं. तिथून आमचं जमलं. रेवा मध्ये बसून इकडचं तिकडे करत होती आणि नखंही कापत होती.

गावातल्या गोऱ्यांच्या चर्चमध्ये वर्षातून एकदा पाय धुवायचा रविवार असायचा. येशूने मरण्याआधी आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते, म्हणून हे एकमेकांचे धुतात. नियम असा की पुढच्या बाकावर जो जोडे काढून बसेल त्याचे पाय धुवायचे. तो कोण, कुठला, हे विचारायचं नाही. मिस ओपल तरुण होती तेव्हा काळ्यांना सगळीकडे बरोबरीने बसू द्या म्हणून चळवळ चालली होती. ती आणि तिच्या मैत्रिणी त्या रविवारी गेल्या आणि पुढच्या बाकावर जोडे-मोजे काढून बसल्या. कुणाला काही बोलता येईना. नियम त्यांचाच. मग चर्चचे एक पंच मागे गेले, परत आले आणि म्हणाले, पंप बिघडला आहे, पाणी नाही, सगळ्यांनी घरी जावं. सगळे गेले. या मुली अनवाणी बसून राहिल्या. शेवटी कुणीतरी येऊन दिवे मालवले.

पुढच्या वर्षीही पंप बिघडलेला. त्याच्या पुढच्या वर्षीही. गावात नळ आले, चर्चमध्ये कॉफीचं मशीन आलं, संडासात पाणी धो धो वाहायला लागलं, पण पाय धुवायचं म्हटलं की पंप बिघडलेला. काळे पाय धुवायला लागू नयेत म्हणून त्यांनी आपलाच सण बुडवला, आणि नातवंडांनाही सांगितलं, पंप बिघडला आहे.

मला यात नवीन काही वाटलं नाही. मी माझ्या सासरची विहीर सांगितली. आमचं गाव माणदेशातलं, पाण्याचे हाल. सरकारने सांगितलं की विहीर सगळ्यांना खुली, महारवाड्यालाही. त्याच आठवड्यात आमच्या सासूबाई म्हणाल्या, विहिरीचं पाणी मचूळ झालं. सगळ्या आळीला पाणी मचूळ लागायला लागलं. महारवाड्याला तेवढं गोड लागत होतं. आणि आम्ही सुना ओढ्यापर्यंत घागरी घेऊन पायपीट करत होतो. विटाळ सासूबाईंचा आणि मान मोडली माझी.

मिस ओपल काठी आपटून हसली. म्हणाली, बाई, तुमच्याकडेही पंप बिघडतो तर.

आता त्या चर्चमध्ये तरुण पाद्री आला होता. त्याने ठरवलं की पायांचा रविवार पुन्हा सुरू करायचा, आणि रस्त्यापलीकडच्या काळ्यांच्या चर्चलाही बोलवायचं. हाच तो रेवाचा इव्हेंट. मधुमेहाचे पाय बरेच, म्हणून पाणी किती गरम असावं हे बघायला तिला बोलावलं होतं. मिस ओपलला तर पाद्री दोनदा घरी जाऊन बोलावून आला होता.

"मी जाणार," मिस ओपल म्हणाली. "पण पाय धुवून घ्यायला नाही. माझ्या घरी नळ आहे. मला एवढंच ऐकायचंय की पंप चालू होता. त्यांच्यापैकी कुणीतरी, त्याच खोलीत, मोठ्याने म्हणायला पाहिजे. तोपर्यंत माझे बूट निघणार नाहीत."

ती गेल्यावर रेवाने मला बजावलं, "आजी, हे कुणाला सांगायचं नाही. पेशंट प्रायव्हसी आहे." मी म्हटलं, प्रायव्हसी तुला, मला कुठे आहे? पण मला इंग्रजी येत नव्हतं, तेव्हा मी सुरक्षितच होते.

बुधवारी मिस जिनी आली. गोरी, बुटकी, पावडरचा वास, आणि बोलणं नळासारखं. पंप बिघडला म्हणून सांगणारे पंच ते हिचेच वडील. तिला तिच्या धाकट्या भावाने, रॉयने, मोठ्या ट्रकमधून आणलं. तो आत आला नाही. ट्रकमध्ये एसी लावून बसला. त्याला ही सगळी नसती उठाठेव वाटत होती, असं मिस जिनीनेच सांगितलं. ती स्वतः मात्र रविवारी मिस ओपलचे पाय धुणार होती. तिने पाद्रीकडे तसं मागून घेतलं होतं. गुडघे साथ देत नव्हते, म्हणून घरी उशी ठेवून वाकायचा सराव चालू होता. मरण्याआधी एवढं एक व्हावं, म्हणाली.

मी रेवाला म्हटलं, तिला विचार, पंप खरंच बिघडला होता का? रेवा म्हणाली, "आजी, नो." रेवा हातमोजे आणायला आत गेली तेव्हा मी स्वतःच विचारायचं ठरवलं. उठून मिस जिनीसमोर उभी राहिले आणि हापसा मारून दाखवला. दोन्ही हातांनी वर-खाली, वर-खाली. मग बोटांनी पाणी पडतंय असं दाखवलं आणि भुवया उडवल्या. मिस जिनीने नीट बघितलं. मग तीही उठली आणि माझ्याबरोबर वर-खाली करू लागली. रेवा आली तेव्हा आम्ही दोघी समोरासमोर हापसत होतो. मिस जिनी धापा टाकत तिला म्हणाली, तुझ्या आजीने मला योगा शिकवला, खांदे एकदम मोकळे झाले.

शनिवार

शनिवारी चर्चच्या दिवाणखान्यात तयारी होती. मी गेले तर पाच-सहा गोऱ्या म्हाताऱ्या रांगेत उभ्या राहून हापसत होत्या. मिस जिनीने शिकवलं होतं. मला बघून त्यांनी हात जोडले. मीही हात जोडले.

पाद्री घामाघूम झाला होता. अडचण अशी होती की गोऱ्यांची झाडून सगळी मंडळी पाय धुवायला तयार झाली होती, आणि प्रत्येकाला काळ्या माणसाचेच पाय धुवायचे होते. इतकी वर्षं एकालाही नको होते, आता सगळ्यांना पाहिजे. रस्त्यापलीकडून येणार होती फक्त नऊ माणसं. बाकीच्यांनी कळवलं होतं की आमचे पाय स्वच्छ आहेत. गोऱ्याने गोऱ्याचे धुवावेत असं पाद्रीने सुचवलं, तर कुणी वर बघेना. चिठ्ठ्या टाकू, असं कुणीतरी म्हणालं. शेवटी एक बाई रेवाच्या कानाशी लागली.

"आजी," रेवा म्हणाली, "दे आर आस्किंग, तुझे पाय मिळतील का?"

मी म्हटलं, मिळतील की. भेगा गेल्या तर बरंच आहे. पण मी यांच्या कुठल्याच पापात नाही, हे सांगून ठेव. रेवाने ते सांगितलं की नाही, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवण असणार होतं. प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा. मी शेंगदाण्याचे लाडू केले. तिकडे शेंगदाण्याने माणसं मरतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बायकांनी लाडू बघून घोळका केला, मग ताट उचललं आणि खिडकीपाशी एका वेगळ्या टेबलावर नेऊन ठेवलं. पुढे लाल अक्षरांत पाटी, भोवती तीन फूट मोकळी जागा. हातमोजे घातल्याशिवाय कुणी शिवेना. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातचं अन्न वाळीत पडलं, आणि ते अमेरिकेत जाऊन.

रविवार

रविवारी दुपारी ऊन असं होतं की आपल्याकडे माणूस गोठ्यातून गाईला बाहेर काढणार नाही. आत मात्र एसीने हुडहुडी भरत होती. सगळ्यांनी बाकाखाली जोडे काढून ठेवले होते. देवाच्या दारात जोडे काढायला या लोकांना एवढी वर्षं लागली, पण लागली तर लागली. उघडे पाय बघून ते स्वतःच लाजत होते. गोऱ्या माणसाचे पाय मोज्यात राहून आणखी गोरे होतात, सोललेल्या मुळ्यासारखे.

पाद्री आधी बोलला. बराच वेळ बोलला. रेवा माझ्या कानात सांगत होती. भूतकाळात ज्या काही गोष्टी घडल्या असतील, त्यांतून ज्या कुणाला दुःख झालं असेल, वगैरे. आपल्याकडे लग्न मोडायच्या बेतात आलं की व्याही हात जोडून म्हणतात ना, काही चुकलंमाकलं असेल तर माफ करा, तसंच. काय चुकलं ते कुणी सांगत नाही. मिस ओपल पुढच्या बाकावर बसली होती. जांभळी हॅट, मांडीवर पंचा. बूट पायात, नाड्या घट्ट.

मग धुणं सुरू झालं. मिस ओपलच्या भाच्याला, एका टक्कल पडलेल्या भल्या माणसाला, सगळ्यांनी मिळून धरलं. एक बाई धुवून उठली की दुसरी बसे. चौथ्या वेळी त्याने बोटं वर करून बघितली, ती मनुकांसारखी झाली होती. तो हळूच म्हणाला, मॅडम, हे झालेत. ती म्हणाली, माझ्याकडून नाही झाले. आणि धुतले.

माझ्यासमोर एक पांढऱ्या केसांची बाई टब घेऊन आली. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठीच असेल. ती वाकून माझ्या पायाला हात लावायला गेली आणि मी पाय वर ओढले. मोठ्या बाईने आपल्या पायाला हात लावायचा म्हणजे काय. तिला वाटलं, गुदगुल्या झाल्या. तिने पुन्हा धरले, मी पुन्हा ओढले, आणि टब उलटा झाला. सगळं पाणी गालिच्यावर. पाद्री धावत आला. त्या बाईचे डोळे भरून आले. आता हिची समजूत कशी घालायची? मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, सुखी राहा, औक्षवंत हो. तिला काय कळलं कोण जाणे, ती रडायचीच थांबली. मागच्या बाईने ते बघितलं आणि तीही डोकं खाली करून उभी राहिली. मग रांग लागली. मी पाय धुवून घ्यायला गेले होते, आणि अर्धा तास गोऱ्या लोकांना आशीर्वाद देत बसले. भेगा तशाच राहिल्या.

एवढ्यात आमच्या इथला आवाज एकदम थांबला, कारण मिस जिनी टब घेऊन मिस ओपलपुढे आली होती. तिने टब ठेवला, उशी ठेवली, बाकाला धरून एक गुडघा टेकला, मग दुसरा. सराव कामी आला. बुटाच्या नाडीला तिने हात घातला, तसा मिस ओपलने पाय मागे घेतला.

"पाणी कुठून आणलंस, जिनी?"

"नळाचं आहे, ओपल. कोमट आहे. डॉक्टरने बघितलंय."

"आणि त्या वर्षी कुठून आणणार होतीस?"

मिस जिनीने मान खाली घातली. मला वाटलं, आता ही उठून जाईल. पण ती खाली बसली होती खरी, आता तिला उठता येत नव्हतं. एक हात बाकावर, एक हात टबावर, अशी ती तिथेच अडकून राहिली. वडिलांचं नाव घेतल्याशिवाय तिला बोलता येत नव्हतं आणि कुणी हात दिल्याशिवाय हलता येत नव्हतं. कुणी हात दिला नाही. पाद्री पुढे येत होता, त्याला रेवाने शर्टाला धरून थांबवलं.

"पंप चालू होता," मिस जिनी म्हणाली. आवाज एवढासा. मग तिने मान वर केली. "पंप चालू होता. सकाळी मीच सगळे टब भरून मागच्या खोलीत ठेवले होते. तुम्ही येऊन बसलात आणि पप्पा मागे आले. म्हणाले, ओतून टाक. मी ते सगळं गुलाबांना घातलं, ओपल. गुलाब त्या वर्षी मेले, एवढं पाणी झालं त्यांना."

मिस ओपलने मांडीवरचा पंचा बाजूला ठेवला, खाली वाकली आणि स्वतःच आपल्या नाड्या सोडल्या. मोजे काढले, नीट घडी करून बुटात ठेवले. मग पाय टबात घातले.

"धू आता," ती म्हणाली.

मिस जिनीने धुतले. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या, पायांकडे बघत होत्या. मला वाटलं, झालं, आता जेवायला मिळणार.

तेवढ्यात मागे रॉय उभा राहिला. मिस जिनीचा भाऊ, तो ट्रकवाला. तो ओरडला, पप्पांनी म्हटलं बिघडला म्हणजे बिघडला, मेलेल्या माणसाला खोटारडा म्हणायला मी इथे बसणार नाही. आणि तरातरा दाराबाहेर गेला. दार आपटलं. फार ऐटीत गेला, पण बूट बाकाखालीच राहिले.

या लोकांना देवळाबाहेरच्या फरशीची माहिती नाही. आपल्याकडे पोरंही जाणतात, की चैत्रात दर्शन झालं की सावली धरून पळायचं. त्याने डांबरावर थेट पाय टाकला, ऑगस्टच्या दुपारी. आम्ही सगळे खिडकीपाशी गेलो. चार पावलं तो रागात चालला. पाचव्याला उडी मारली. मग एका पायावर, मग दुसऱ्यावर, तसाच नाचत ट्रकपर्यंत पोचला आणि दार ओढलं. दार उघडेना. किल्ली बुटात होती. त्याने चर्चकडे बघितलं. चर्च त्याच्याकडे बघत होतं. मग तो तसाच नाचत परत आला. एका माणसाने चर्चचं दार उघडून धरलं, दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

त्याला पुढच्या बाकावर बसवलं, कारण तोच जवळ होता. रेवाने तळवे बघितले, लाल झालेले, एका टाचेवर फोड. ती एकदम डॉक्टरच्या आवाजात बोलायला लागली. बर्फ नको, लोणी नको, गार पाण्यात पाय घाला, ताबडतोब. पण पाणी कुठे होतं? माझं गालिच्यावर सांडलं होतं. बाकीच्यांनी टब रिकामे करून एकात एक घालून ठेवले होते. मागच्या बेसिनपर्यंत म्हाताऱ्याचा पाय पोचला नसता, आणि टब भरून आणेपर्यंत रेवा थांबायला तयार नव्हती. एकच टब भरलेला होता. मिस ओपलचा. तिने नुकतेच पाय बाहेर काढले होते, आणि एसीमुळे पाणी पार निवलं होतं.

रेवाने टब त्याच्यापुढे सरकवला.

रॉय टबाकडे बघत राहिला. आम्हीही बघत राहिलो. मला आमच्या सासूबाई आठवल्या. त्या असत्या तर फोड घेऊन घरी गेल्या असत्या.

"पाणी चांगलं आहे," मिस ओपल म्हणाली. "मी आत्ताच आत होते."

त्याने एक पाय घातला. थोडं थांबला. मग दुसरा घातला, आणि त्याच्या तोंडून एक लांब सुस्कारा निघाला, तो शेवटच्या बाकापर्यंत गेला. त्याची बहीण अजून तिथेच गुडघ्यांवर होती. आता मागच्या बाकावरच्या दोघा माणसांनी मिळून तिला उठवलं.

मिस ओपल पाय पुसत बसली. बोटांच्या मधून, एकेक बोट. मग म्हणाली, "पंपाचं काय म्हणत होतास, रॉय?"

तो खाली बघत म्हणाला, जिनी म्हणते तर असेल चालू.

"असेल नाही. बस तू. मला घाई नाही."

कुणी जेवायला हललं नाही. मिस ओपलने मोजे घातले, बूट घातले, नाड्या बांधल्या. रॉयने दोनदा पाय बाहेर काढायचा प्रयत्न केला आणि आग झाली तसे परत आत घातले.

"चालू होता," तो पुटपुटला.

"मला हल्ली कमी ऐकू येतं," मिस ओपल म्हणाली. रेवाने नंतर मला सांगितलं की तिचे कान ठणठणीत आहेत.

"पंप चालू होता," तो मोठ्याने म्हणाला. तो हे कुणावर रागावून म्हणाला ते मला कळलं नाही, पण म्हणाला.

मिस ओपल उठली. काठी घेतली, हॅट सारखी केली आणि हातातला पंचा त्याच्या मांडीवर टाकला. पंचा ओला होता. त्याने इकडे तिकडे बघितलं. दुसरा कुणी दिला नाही. मग त्याच पंच्याने त्याने पाय पुसले.